रानात कुत्रा घेऊन: कोयता, केवण आणि चूल

(दृश्य: काजूच्या बागेमागून रानात शिरणारी पायवाट. पुढे पट्ट्याला बांधलेला गावठी कुत्रा.)

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातलं बहुतेक जंगल खाजगी मालकीचं आहे. दोर वळणं, पानांत पाणी धरणं, तीन दगडांची चूल मांडणं ही रानातली कामं कुत्रा सोबत घेऊन करायची असतील तर ती अशाच मालकीच्या रानात, मालकाला विचारून करावीत. राखीव वनात आग पेटवणं आणि झाड तोडणं भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. कोयना असो की राधानगरी, अभयारण्यात कुत्रा नेऊच नये. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणूचा आजार रानातल्या प्राण्यांना होतो. २०१८ मध्ये गीरमध्ये मेलेल्या सिंहांत हाच विषाणू सापडला होता. आणि देवराईतली वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही. गावाची ही रीत मनापासून पाळावी.

रेबीज, डिस्टेंपर आणि लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) लसी पूर्ण झालेला कुत्राच रानात न्यावा. निघायचं ते ऊन वर आल्यावर आणि परतायचं अकराच्या आत. पहाट आणि तिन्हीसांज बिबट्याची. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले भागात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला होता. त्यामुळे कुत्रा कितीही शहाणा असला तरी पट्टा सुटता कामा नये. पट्टा दोन मीटरचा, रुंद नायलॉन पट्टीचा घ्यावा. त्याहून लांब दोर करवंदीच्या जाळीत हमखास अडकतो.

(दृश्य: कातळसड्यावर पालथा हात टेकवलेला.)

वाटेत सडा लागला तर जांभ्यावर हाताचा पालथा पंजा सात सेकंद ठेवून पाहायचा. ठेववला नाही तर कुत्र्याचे पायही भाजणार. याच दगडांच्या कपारीत फुरसं हा विषारी साप असतो, आणि कुत्रा तर प्रत्येक कपारीत नाक घालतो. चुलीसाठी दगड उचलताना आधी काठीनं हलवायचा, मग पलीकडची कड धरून आपल्याकडे कलता करायचा. म्हणजे उघडी बाजू आपल्यापासून लांब राहते. कुत्रा तेव्हा मागे, दुसऱ्या माणसाच्या हातात हवा. साप चावलाच तर कुत्र्याला चालवायचं नाही, उचलून न्यायचं. जखम कापायची नाही, आवळून बांधायची नाही, आणि मान सुजायच्या आत गळ्यातला पट्टा काढायचा. माणसांना देतात तीच नाग, मण्यार, घोणस आणि फुरशावरची लस कुत्र्यालाही चालते. ती कोणत्या पशुवैद्याकडे मिळेल, हे घरून निघण्याआधीच फोन करून विचारून ठेवावं.

(दृश्य: झाडाच्या खोडाला बांधलेला कुत्रा, थोड्या अंतरावर कमरेच्या आकडीतून कोयता निघतो.)

कामाची जागा ठरली की पहिलं काम कुत्रा बांधणं. आकडीतला कोयता त्यानंतर काढायचा. दोर गळ्यातल्या पट्ट्याला बांधू नये, छातीच्या पट्ट्याला बांधावा. हिसका बसला तरी गळा आवळत नाही. दीड मीटर दोर आणि त्या झाडापासून निदान चार मीटरवर आपली बैठक. बांधण्याआधी मान वर करून पाहायचं. पानं शिवून केलेली लाल मुंग्यांची घरटी असतील तर दुसरं झाड बघायचं. आग्या मोहोळ असेल तर ती जागाच सोडायची.

झाड ओळखणं इथे सर्वांत महत्त्वाचं. काजरा कोकणात जागोजागी आहे. नारिंगी, लहान संत्र्याएवढी त्याची फळं झाडाखाली पडलेली दिसतात. त्यांच्या बियांत स्ट्रिक्निन असतं आणि ते कुत्र्याला झटके आणून मारतं. सालही विषारी, म्हणून काजऱ्याची काठी कुत्र्याला चघळायला कधीच द्यायची नाही. बिब्ब्याचा चीक अंगावर फोड आणतो, त्यामुळे तो ना कोयत्याखाली घ्यायचा, ना चुलीत घालायचा.

पाणी कुत्र्याचं वेगळं. वीस किलोच्या कुत्र्यासाठी तीन तासांना एक लिटर, दर वीस मिनिटांनी थोडं थोडं. साचलेल्या डबक्यात तोंड घालू द्यायचं नाही, तिथे लेप्टोची भीती. भांडं नसेल तर चार बोटं खोल खळगा करायचा आणि पळसाची मोठी पानं एकमेकांवर चढवून त्यात दाबायची. माणसासाठी लावतो तसा काड्या टोचलेला द्रोण इथे नको. कुत्रा पाण्याबरोबर पानही ओढतो, आणि काडी घशात रुतते.

(दृश्य, जवळून: केवणीच्या सालीची पट्टी, त्यावर दोन हात.)

आता दोर. केवण म्हणजे मुरुडशेंगेचं झुडूप. अंगठ्याएवढी जाड, सरळ फांदी घ्यायची. झुडूप पुन्हा फुटतं. साल लांब पट्ट्यांत ओढायची, वरचा तपकिरी थर कोयत्याच्या पाठीनं खरवडायचा. आतला वाख, म्हणजे चिवट धागा, उरतो. पट्टी बरोबर मध्यात दुमडायची नाही. एक बाजू आखूड, एक लांब ठेवायची. वरचा पेड आपल्यापासून बाहेर पिळायचा आणि तसाच पिळलेला आपल्याकडे, दुसऱ्या पेडावरून आणायचा. मग दुसरा वर येतो, त्यालाही तेच. दोन पीळ उलट दिशेनं एकमेकांना अडकतात, म्हणून दोर सुटत नाही. चार बोटं पेड उरला की नवी पट्टी जोडायची.

दोर तुटतो तो बहुधा दोन कारणांनी. पट्टी मध्यात दुमडली की दोन्ही सांधे एकाच जागी येतात. किंवा एक पेड सरळ राहतो आणि दुसरा त्याला नुसता गुंडाळला जातो. मग सगळा ताण सरळ पेडावर. शिवाय ओला वाख वाळला की आकसतो आणि गाठी सैल होतात. मोळी बांधायला, भांडं टांगायला हा दोर उत्तम. कुत्रा मात्र त्यानं बांधू नये.

(दृश्य: पातेरा, म्हणजे वाळका पालापाचोळा, बाजूला सारलेली मोकळी जमीन, तीन दगड.)

चूल मांडण्याआधी चारी बाजूंनी दोन मीटर पातेरा माती दिसेपर्यंत सारायचा आणि पाच लिटर पाणी जवळ ठेवायचं. वारा असेल तर पेटवायचंच नाही. वहाळातला (ओढ्यातला) ओला दगड चुलीला नको, आतल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटतो. बांबूही चिरूनच घालायचा. बंद पेर बारासारखं फुटतं, आणि घाबरलेला कुत्रा दोराला हिसडे देत सुटायला बघतो. सुरुवातीला नारळाच्या सोडणाचा काथ्या हातात चोळून घरट्यासारखा करायचा, त्यावर ठिणगी, मग काडीएवढ्या आणि मग बोटाएवढ्या काटक्या. एक ध्यानात ठेवायचं: सोडण वरून विझलं तरी आतून तासन्‌तास धुमसतं. पाणी ओतायचं, काठीनं ढवळायचं, पुन्हा ओतायचं. राखेत हात ठेववला तरच उठायचं.

(दृश्य, जवळून: कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात रुतलेलं कुसळ.)

पावसाळ्यानंतर गवत वाळलं की कुसळं सुटतात. कुसळाला पीळ असतो. ओल लागली की तो फिरतो आणि टोक आत घुसत जातं. बोटांच्या बेचक्या, कान आणि काखा परतल्याबरोबर तपासायच्या. कान सारखा झटकत असेल तर कुसळ आत गेलंय असं समजायचं. तिथे चिमटा घालायचा नाही, पशुवैद्याकडे न्यायचं. गोचीड मात्र घरी काढता येते. बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल किंवा काडीचा चटका अजिबात नको, त्यानं ती उलट जखमेत लाळ सोडते. पुढचे तीन-चार आठवडे त्याचं खाणं आणि हिरड्यांचा रंग रोज पाहायचा. ताप, मरगळ किंवा पांढुरक्या हिरड्या दिसल्या तर रक्त तपासायचं, आणि गोचीड लागली होती हे डॉक्टरांना न विसरता सांगायचं.