पायाखालची दिशा

(बुद्ध पौर्णिमेच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

बंधू-भगिनींनो, नमो बुद्धाय, जय भीम.

सकाळी बुद्धवंदना झाली, धम्मध्वज फडकला, रॅलीही निघाली. आता थोडं कुसिनाऱ्याला, म्हणजे आजच्या कुशीनगरला जाऊ या. मल्लांच्या शालवनात भगवान बुद्ध अखेरचे पहुडले आहेत. बुद्धांच्या अखेरच्या दिवसांची हकीकत सांगणारं महापरिनिब्बान सुत्त सांगतं की ऋतू नसताना शालवृक्ष बहरले आणि त्यांची फुलं तथागतांच्या अंगावर बरसू लागली. तेव्हा भगवान आपल्या शिष्याला, आनंदाला म्हणाले, तथागताची खरी पूजा अशी होत नसते; जो उपासक, जी उपासिका धम्माप्रमाणे वागते, तीच तथागताची पूजा करते. आपला उत्सव कसा असावा, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे.

त्याच प्रवासात चुंद लोहाराच्या घरचं जेवण त्यांचं शेवटचं जेवण ठरलं. वेदना सुरू असताना त्यांना काळजी होती ती चुंदाची. उद्या लोक त्या लोहाराला बोल लावतील, तर आनंदा, त्याला सांग, तुझ्या दानाचं पुण्य मोठं आहे. मला हा प्रसंग शालवनातल्या फुलांपेक्षा मोठा वाटतो.

विनयपिटकात, म्हणजे भिक्खुसंघाच्या नियमांच्या ग्रंथात, आणखी एक प्रसंग आहे. पोटाच्या आजाराने एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. तुझी शुश्रूषा कुणी का करत नाही, असं भगवंतांनी विचारलं. तो म्हणाला, मी भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला लावलं. भगवंतांनी पाणी ओतलं, आनंदाने त्याला धुतलं, आणि दोघांनी डोक्याकडून-पायाकडून उचलून त्याला मंचकावर निजवलं. मग भिक्खूंना बोलावून सांगितलं, ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी. ‘उपयोगाचा नाही’ हे त्या भिक्खूचं उत्तर मला फार अस्वस्थ करतं. माणसाची किंमत त्याच्या उपयोगावर ठरवणाऱ्या संघाला भगवंतांनी हातात पाण्याचं भांडं घेऊन उत्तर दिलं.

आता मुख्य गोष्ट. राजगृहात सिगाल नावाचा एक गृहस्थाचा मुलगा ओल्या वस्त्रांनी, ओल्या केसांनी सहा दिशांना नमस्कार करत होता. वडिलांनी मरताना तसं सांगितलं होतं. भगवंतांनी त्याच्या दिशाच बदलल्या. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुलं, उत्तर म्हणजे मित्र, वरची दिशा म्हणजे श्रमण-ब्राह्मण. आणि खालची दिशा म्हणजे नोकर आणि कामकरी. जो वर्ग पायाखाली धरला जातो, त्याच्याकडेही आदराने तोंड करायला सांगणारे हे शब्द अडीच हजार वर्षांपूर्वीचे आहेत. मालकाने काय करावं? ताकद बघून काम द्यावं, जेवण आणि वेतन द्यावं, आजारपणात काळजी घ्यावी, घरात गोडधोड झालं तर वाटून खावं, वेळच्या वेळी सुट्टी द्यावी. पाचही गोष्टी अशा आहेत की पाळल्या की नाहीत, हे कामगाराला विचारून लगेच कळतं.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामाचे तास, सुट्टी, वेतन यांसाठी ते कायद्याच्या अंगाने झगडत होते. पुढे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी गृहस्थांच्या विनयात, म्हणजे संसारी माणसाच्या आचारनियमांत, मालक आणि नोकर यांच्या कर्तव्यांना स्वतंत्र जागा दिली. २४ मे १९५६ रोजी मुंबईच्या बुद्धजयंतीच्या सभेत त्यांनी ऑक्टोबरमध्ये धम्म स्वीकारणार असल्याचं जाहीर केलं. तेव्हा त्या सभेला आलेल्यांत गिरणीत, गोदीत, साफसफाईच्या कामात राबणारी माणसं मोठ्या संख्येने असणार. मालक किती, ते तुम्हीच समजून घ्या.

आज तसं राहिलेलं नाही, आणि त्याचा मला आनंद आहे. आपल्यात डॉक्टर आहेत, अधिकारी आहेत, ठेकेदार आहेत, दोन-तीन माणसं कामाला ठेवणारी दुकानं आहेत. घरी धुणी-भांडी करायला बाई येते, सोसायटीच्या दाराशी रात्रपाळीचा वॉचमन उभा असतो. कालपर्यंत आपल्या आज्या-मावश्या ज्या दाराबाहेर उभ्या राहत, त्याच जागी आज दुसऱ्या कुणाची आजी आपल्या दाराशी उभी आहे. ताई आजारी पडली म्हणून तिचे दोन दिवसांचे पैसे आपण कापतो का? तिच्यासाठी वेगळा कप ठेवला आहे का? नशा न करण्याचं पाचवं शील आपण मोठ्याने म्हणतो, आणि ते म्हणायलाच हवं, दारूने किती घरं मोडली हे आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. पण जो पगार थकवतो त्याने दुसरं शील मोडलं, असं आपण विहारात कधी बोलून दाखवतो का? न दिलेलं घेणार नाही, असं म्हणतो ना आपण. दुसऱ्याच्या घामाचे पैसे स्वतःकडे ठेवणं हेच ते न दिलेलं घेणं.

म्हणून विहार समितीला माझी एक विनंती आहे. आषाढ पौर्णिमेला वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला धम्माभ्यासाचा काळ, सुरू होईल आणि रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होईल. त्यात गृहस्थांच्या विनयाचा भाग आला की वाचन घाईने पुढे नेऊ नका. त्या संध्याकाळी जे माणसं कामाला ठेवतात आणि जे दुसऱ्याकडे कामाला जातात, अशा दोघांनाही एकत्र बसवा. आधी कामाला जाणाऱ्यांना बोलू द्या.