भिंतीपलीकडचं माणूस

श्रोतेहो, नमस्कार.

या घडीला तुम्हाला माझा चेहरा दिसत नाही, नुसता आवाज येतोय. वरच्या मजल्यावरचं माणूस आपल्याला आधी असंच कळतं. रात्री साडेअकराला किल्ल्यांचा जुडगा टेबलावर पडतो, मग खुर्ची सरकते, मग नळ सुरू होतो. महिन्याभरात हा क्रम पाठ होतो. आणि एका रात्री किल्ल्या वाजतच नाहीत. खालचं माणूस कुशी बदलत राहतं, घड्याळ बघतं, पुन्हा कान देतं. जिचं नावही ठाऊक नाही तिची काळजी वाटायला लागली, की समजावं, गोष्ट सुरू झाली.

अशाच गोष्टींबद्दल आज बोलायचंय. एकाच इमारतीतले दोन शेजारी, त्यांच्यातली ओढ, आणि ती सांगणारी हलकीफुलकी लघुकादंबरी. मला ही पुस्तकं मनापासून आवडतात. 'वेळ घालवायला ठीक' म्हणून त्यांना बाजूला सारणाऱ्यांशी मी आजवर भांडत आले आहे.

भिंतीचं आणि प्रेमाचं नातं तसं जुनं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन कवी ओव्हिडनं पिरॅमस आणि थिस्बीची कथा सांगितली. घराला घर लागून, मधल्या भिंतीला बारीक भेग, आणि त्या भेगेतून चाललेली कुजबुज. ते दोघं भिंतीला बोल लावतात आणि त्याच दमात तिचे उपकारही मानतात, कारण शब्द पोचतो तो तिच्यामुळेच. ती कथा पुढे शोकांत होते. आपल्या हलक्याफुलक्या गोष्टीत भेग तीच असते, फक्त तिच्यातून पाणी गळतं.

गळतीनं होणारी सुरुवात माझी सगळ्यात लाडकी. समजा, छतावर ओलीचा डाग उमटलाय. खालच्या मजल्यावरचा तो तणतणत वर जातो, बेल दाबतो, वाक्यं जिन्यातच जुळवून ठेवलेली. दार उघडतं ते हातात पाना, बाह्या दुमडलेल्या, गुडघ्यापर्यंत भिजलेली ती. "गळतंय, माहीत आहे मला. जरा टॉर्च धरता का?" जुळवलेली वाक्यं तिथंच विरतात. सिंकखाली दोन डोकी, एक टॉर्च, आणि नवा वायसर नीट बसेपर्यंतची वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत लेखकानं प्रेमाचा शब्दही काढू नये. टॉर्चचा उजेड नळावरून हळूच तिच्या मनगटावर सरकला, एवढं पुरे.

भांडणातून ओळख म्हणजे लेखकांनी शोधलेली सोपी वाट, असं म्हणतात. मला ते पटत नाही. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा अभ्यास केला, तो १९५० साली प्रसिद्ध झाला. अगदी शेजारच्या दारात राहणाऱ्यांपैकी ४१ टक्के लोक एकमेकांना जवळचे मित्र म्हणत होते. मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत हेच प्रमाण १० टक्क्यांवर आलं, आणि मधलं अंतर म्हणाल तर चार दारांचं. पुढे १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या एका वसाहतीवरचा अभ्यास आला. नकोशी वाटणारी माणसंही जवळच राहतात, असं त्यात दिसलं. म्हणजे ज्याच्यावर जीव जडतो तो आणि ज्याच्यामुळे डोकं फिरतं तो, दोघंही एकाच जिन्यावर भेटतात. ही लघुकादंबरी त्या दोघांचा एकच माणूस करते.

आणि मराठीत लिहिताना तर या गोष्टीला एक खास जागा मिळते. 'तुम्ही' कुठल्या पानावर 'तू' होतं? मी ते पान शोधत वाचते. त्याच्या आधी काही दिवस दोघंही सर्वनामच टाळतात, आठवतंय ना? "उद्या गच्चीवर यायचंय का?" "किल्ली इथं ठेवायची का?" कुणी यायचं, कुणी ठेवायची, याचा पत्ता नाही. क्रियापद सगळं सांभाळून घेतं. मग एकदा लिफ्ट मध्येच बंद पडते, अंधार होतो, आणि तिच्या तोंडून निघून जातं, "तू आहेस ना?" तो नुसतं "आहे" म्हणतो. दिवे येतात. दोघंही आकड्यांच्या बटणांकडे बघत उभे. पुढच्या प्रकरणात ती पुन्हा 'तुम्ही' म्हणाली, तर लेखकाला भाषेचा कान आहे हे मी ओळखते.

लांबीचंही तसंच. विज्ञानकथा आणि अद्भुतकथांसाठीच्या ह्यूगो आणि नेब्युला पुरस्कारांत १७,५०० ते ४०,००० शब्दांच्या कथेला नोव्हेला, म्हणजे लघुकादंबरी, म्हणतात. शेजाऱ्यांच्या प्रेमाला तेवढं माप बेताचं बसतं. त्याहून ताणायचं तर खलनायक आणा, जुनं प्रकरण उकरा, पत्र चुकीच्या हाती पडू द्या. कशाला? अडचण तर जिन्यातच उभी आहे. बिनसलं तर? इतर कुठं मन मोडलं, तर रस्ता बदलता येतो. इथं पत्ता तोच राहणार, लिफ्ट तीच, आणि रात्री साडेअकराला त्याच किल्ल्या वाजणार. या भीतीपायी दोघं पायरीवर थबकतात, आणि ते थबकणं नीट लिहिलं तर दुसऱ्या अडथळ्याची गरजच उरत नाही.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. भिंतीला कान लावून बसणारा, खिडकीतून टेहळणारा, दुसऱ्याचं टपाल उघडणारा नायक 'किती वेडा प्रेमात' म्हणून पुढे केला, की मी पुस्तक मिटते. ऐकू येणं वेगळं, चोरून ऐकणं वेगळं. फोनवर रडणारी ती ऐकू आली तर चांगला नायक खोकतो, खुर्ची सरकवतो, रेडिओ लावतो. भिंत पातळ आहे, हे तिला कळू देतो. माझ्या लेखी त्याची पहिली प्रेमाची कबुली हीच.

शेवट कसा असावा? बऱ्याच गोष्टींत एकजण सामान उचलून दुसऱ्याच्या घरी जातो. मला दोन्ही दारं काही काळ राहिलेली आवडतात. रात्रीचे साडेअकरा झालेत. छतावरचा डाग वाळून पिवळा पडलाय, तो रंगवून घ्यायचं त्याच्या मनात येत नाही. जिन्यात किल्ल्या वाजतात. वर जाणारी पावलं आज त्याच्या मजल्यावरच थांबतात. बेल वाजायच्या आत तो उठलेला असतो.

नमस्कार.