रेडिओची मालकी: नियम काय मोजतात आणि काय सुटतं

मुंबईत रेडिओचा काटा 91.1 वर ठेवा आणि हळूहळू पुढे सरकवा. 91.9, मग 92.7, मग 93.5, मग 94.3. दर वेळी अंतर 0.8. हा योगायोग नाही. एका शहरातल्या दोन स्टेशनांमध्ये 800 किलोहर्ट्झ अंतर राखायचं, असं आपल्याकडचं नियोजन आहे. एफएमचा पट्टा 88 ते 108 मेगाहर्ट्झ, म्हणजे 20 मेगाहर्ट्झचा. 0.8 ने भागलं तर 25 जागा निघतात. त्यातून आकाशवाणीच्या, सामुदायिक रेडिओच्या आणि शेजारच्या शहरांशी टक्कर होऊ नये म्हणून मोकळ्या ठेवायच्या जागा वजा करा. महानगरातही खासगी स्टेशनांना दहा-अकरा जागा उरतात. हे अंतर 400 वर आणावं अशी दूरसंचार नियामक ट्रायची शिफारस आहे. तसं झालं तर जागा वाढतील, पण स्वस्तातल्या रेडिओ संचांवर शेजारची दोन स्टेशनं एकमेकांत मिसळायची भीतीही वाढेल.

मालकीचे नियम या टंचाईतून आले. न्या. पी. बी. सावंत यांच्या पीठाने 1995 मध्ये क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात सांगितलं की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. मग ती कुणाला, किती आणि कोणत्या अटीवर वापरू द्यायची, हे ठरवणं आलं.

खासगी एफएमसाठी सध्या लागू आहे तिसऱ्या टप्प्याचं, 2011 चं धोरण. परवाना 15 वर्षांचा आणि तो फक्त नोंदणीकृत कंपनीला. राजकीय पक्ष, धार्मिक संस्था, जाहिरात एजन्सी आणि न्यास यांना तो मिळत नाही. एका शहरातल्या एकूण वाहिन्यांपैकी 40 टक्क्यांपर्यंत एकाच मालकाकडे असू शकतात, मात्र शहरात किमान तीन वेगळे मालक हवेत. हिशेब करून बघा. सहा वाहिन्यांच्या शहरात 40 टक्के म्हणजे 2.4, म्हणून दोन. तीनच्या शहरात तर तिघं वेगळेच लागतात. कागदावर हे चांगलं दिसतं. बार्शी किंवा नंदुरबारसारख्या गावात तिसरा बोली लावणाराच आला नाही, तर ती वाहिनी रिकामी पडून राहते.

याच धोरणात देशपातळीवर आणखी एक मर्यादा होती: जम्मू-काश्मीर, ईशान्य भारत आणि बेटं वगळता देशातल्या एकूण वाहिन्यांच्या 15 टक्क्यांहून जास्त एका मालकाकडे नको. ऑक्टोबर 2022 मध्ये ती काढून टाकली. त्याच वेळी लहान शहरांतल्या बोलीसाठी लागणारं कंपनीचं किमान नक्त मूल्य (मालमत्ता वजा देणी) दीड कोटीवरून एक कोटीवर आलं. म्हणजे एका हाताने छोट्यांसाठी दार किलकिलं केलं आणि दुसऱ्या हाताने मोठ्यांसाठी भिंतच पाडली.

पण माझा मुद्दा 15 टक्क्यांच्या पलीकडचा आहे. नियम मालक मोजतात. कार्यक्रम कुठे तयार होतो, हे त्यांच्या मोजमापात जवळपास येतच नाही. तिसऱ्या टप्प्यात मालकाला आपल्या देशभरच्या सगळ्या वाहिन्या एकमेकींना जोडायला परवानगी आहे. एका स्टुडिओतून निघालेला कार्यक्रम वीस शहरांत एकाच वेळी वाजू शकतो. दोन वेगळ्या मालकांनी कार्यक्रम वाटून घ्यायला बंदी आहे, एकाच मालकाने वाटायला नाही. गावात तीन मालक असूनही तिन्ही स्टेशनांवरचा आवाज परगावचा, असं सहज होऊ शकतं. स्थानिक म्हणून उरतात त्या दुकानांच्या जाहिराती.

याचं टोक अमेरिकेत दिसलं. तिथे 1996 च्या दूरसंचार कायद्याने एका मालकाची देशभरातली 40 स्टेशनांची मर्यादा उठवली. काही वर्षांत क्लिअर चॅनेल या एकाच कंपनीकडे सुमारे 1,200 स्टेशनं जमा झाली. स्थानिक मर्यादा राहिली, पण सैल: मोठ्या बाजारपेठेत एका मालकाला आठपर्यंत स्टेशनं. जानेवारी 2002 मध्ये नॉर्थ डकोटातल्या मायनॉट गावाजवळ मध्यरात्रीनंतर मालगाडी घसरली आणि अमोनियाचा ढग गावाकडे आला. गावातली सहाही व्यावसायिक स्टेशनं याच कंपनीची होती आणि पोलिसांना स्टेशनवर वेळेत कुणी भेटेना. आपत्कालीन इशारा देणारी यंत्रणाही चालली नाही, त्यामुळे दोष कुणाचा यावर पुढे बराच वाद झाला. तो वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट राहते. रात्री दोन वाजता माइकपाशी माणूस असावा, हे मालकीच्या कुठल्याही टक्केवारीने आपोआप घडत नाही.

माणूस ठेवायला पैसे लागतात, आणि आपल्याकडची फीची रचना इथेच आडवी येते. पहिल्या टप्प्यात ठरावीक फी होती आणि ती दर वर्षी 15 टक्क्यांनी वाढायची. 108 वाहिन्यांचा लिलाव झाला, प्रत्यक्षात सुरू झालेल्या स्टेशनांनी जेमतेम विशी ओलांडली. दुसऱ्या टप्प्यात, 2005 मध्ये, उत्पन्नातला 4 टक्के वाटा ही पद्धत आली. तिला किमान रकमेचं शेपूट तेव्हापासूनच आहे, तिसऱ्यात ते असं: एकूण उत्पन्नाच्या 4 टक्के किंवा लिलावात भरलेल्या प्रवेश शुल्काच्या अडीच टक्के, यातलं जे जास्त असेल ते. समजा कुणी दोन कोटींना वाहिनी घेतली आणि वर्षाचं उत्पन्न 60 लाख झालं. 4 टक्क्यांनी होतात 2 लाख 40 हजार, अडीच टक्क्यांनी 5 लाख. भरायचे 5 लाख, मंदी असो की टाळेबंदी. शिवाय प्रसार भारतीच्या टॉवरचं आणि सामायिक प्रक्षेपण यंत्रणेचं भाडं आहेच. गाव लहान म्हणून ते भाडं त्या प्रमाणात लहान होत नाही. 2016 च्या लिलावात 266 वाहिन्या ठेवल्या होत्या, गेल्या 66. हे आकडे बघितल्यावर आश्चर्य वाटायला नको.

ऑगस्ट 2024 मध्ये मंत्रिमंडळाने 234 नव्या शहरांत 730 वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. यादीत आपल्याकडची लातूर, चंद्रपूर, मालेगाव, बार्शी, नंदुरबार अशी नावं आहेत. या शहरांपुरती ती अडीच टक्क्यांची अट गेली, जीएसटी वगळून उत्पन्नाच्या 4 टक्केच. हा बदल योग्य आहे. जुन्या शहरांतल्या स्टेशनांना तो का नको, याचं पटणारं उत्तर मला दिसत नाही.

आता बातम्यांकडे वळू. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं, एक शब्द न बदलता, पुन्हा ऐकवता येतं. खेळ, वाहतूक, हवामान, परीक्षा, नोकरभरती, वीज-पाण्याच्या सूचना, आपत्तीचे इशारे यांना 'बातमी' मानलेलं नाही. त्यामुळे उद्या पाणी येणार नाही, हे सांगता येतं. का येणार नाही, हे नगराध्यक्षांना विचारलं की ती बातमी. त्याच मालकाच्या वर्तमानपत्रात मात्र तो प्रश्न पहिल्या पानावर छापता येतो, आणि आपल्याकडे रेडिओचे बरेच मालक वर्तमानपत्रवालेच आहेत. मिर्ची टाइम्स समूहाचं, रेडिओ सिटी जागरणचं, माय एफएम आणि 'दिव्य मराठी' एकाच घरचे. वर्तमानपत्र, टीव्ही वाहिनी आणि रेडिओ एका हाती किती असावेत, यावर एफएम धोरणात मर्यादा नाही. ट्रायने तशी शिफारस केली होती, ती फायलीत राहिली.

सामुदायिक रेडिओचा नियम याच्या बरोबर उलटा आहे. इथे कंपनीला जागा नाही. शिक्षणसंस्थांना 2002 च्या धोरणाने आणि स्वयंसेवी संस्था, कृषी विज्ञान केंद्रांना 2006 पासून परवानगी मिळाली. संस्था ना-नफा हवी आणि किमान तीन वर्षं जुनी. निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने तिथेच तयार झालेले हवेत, म्हणजे इथे नियम खरोखर माइक मोजतो. प्रभावी शक्ती, म्हणजे अँटेनातून बाहेर पडणारी, 100 वॅट, अँटेना जास्तीत जास्त 30 मीटर उंच. व्यवहारात 50 वॅटचा ट्रान्समीटर आणि शक्ती दुप्पट करणारी अँटेना असा जोड लावतात. केबल लांब पडली किंवा तिच्या जोडात पाणी शिरलं की त्यातली बरीच शक्ती वाटेतच जिरते. एरवी आवाज दहाएक किलोमीटर जातो, मध्ये डोंगर आला की तिथेच थांबतो. माणदेशातल्या म्हसवडला, जत तालुक्यातल्या जालिहाळला आणि पुणे विद्यापीठात अशी केंद्रं उभी राहिली. तेलंगणातल्या माचनूरचं संघम रेडिओ तर दलित शेतकरी बायकांनी 2008 पासून चालवलं.

तिथे अडतं पैशांवर. 2024 च्या नियमांनी जाहिरातीची वेळ तासाला 7 वरून 12 मिनिटं केली आणि सरकारी जाहिरातीचा दर 10 सेकंदांना 52 वरून 74 रुपये. बारा मिनिटं पूर्ण भरली तर तासाला 5,328 रुपये होतात. खेड्यातल्या केंद्राला दिवसाकाठी पाच मिनिटं मिळाली तरी हिशेब होतो 2,220 रुपयांचा, त्यात विजेचं बिल आणि दोन माणसांचा पगार. बातम्यांची बंदी त्यांनाही आहे.

स्थानिकपणाची जबाबदारी आकाशवाणीवर टाकून मोकळं व्हावं, तर तिथलाही कल एकवटण्याकडे आहे. जून 2023 मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातमीपत्र दुसरीकडे हलवायचं ठरलं होतं. विरोध झाला म्हणून थांबलं.

सप्टेंबर 2023 मध्ये ट्रायने खासगी एफएमला तासाला 10 मिनिटं बातम्यांची परवानगी द्यावी असं सुचवलं. दिवसाचे 16 तास धरले तर 160 मिनिटं. चार-पाच जणांच्या स्टेशनला एवढ्या स्वतःच्या बातम्या गोळा करणं अशक्य आहे. ती मिनिटं मालकाच्या वर्तमानपत्रातून किंवा मुख्य कार्यालयातून भरली जातील. म्हणून परवानगी देताना एक अट घालावी असं माझं मत आहे: दहापैकी किमान चार मिनिटं त्या परवान्याच्या शहरात गोळा केलेली आणि तिथूनच वाचलेली असावीत, त्यांचं ध्वनिमुद्रण 90 दिवस जपावं आणि लहान शहरांत ही अट पाळणाऱ्याला वार्षिक फी 4 ऐवजी 2 टक्के लावावी. ईशान्येतल्या स्टेशनांना पहिली तीन वर्षं 2 टक्के लावण्याची सवलत तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात आहे, तेव्हा तरतूद नवी शोधावी लागणार नाही.