कानाने नव्हे, डोळ्याने: इंग्रजी अक्षरांतून शब्द शोधण्याविषयी

मित्रहो, निमंत्रणपत्रिकेवर ‘दिलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द कसे शोधावेत’ असा विषय छापला आहे, आणि ती रीत मी सांगणारच आहे. परंतु त्या रीतीच्या मुळाशी माझी एक जुनी धारणा आहे, ती आधी आपल्यापुढे ठेवतो. मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाला हा खेळ अवघड जातो, तो त्याचा शब्दसंग्रह तोकडा असतो म्हणून नव्हे, तर तो शब्द कानाने शोधतो म्हणून. देवनागरीने आपल्याला तशी सवय लावली आहे. ‘ती होडी जाडी होती’ हे वाक्य लहानपणी आपण सर्वांनी उलटे म्हणून पाहिले आहे. उलट वाचतानाही मात्रा आपल्या अक्षराला धरून राहते, त्यामुळे डोळ्याला जे दिसते तेच कानाला ऐकू येते.

इंग्रजीत हे साहचर्य नाही. ए, ई, पी, आर आणि एस ही पाच अक्षरे घ्या. त्यांतून स्पेअर होतो, स्पिअर म्हणजे भाला होतो, पेअर्स हे फळ होते, कापणी करणे या अर्थाचा रीप्स होतो आणि व्याकरणातला पार्स होतो. अक्षरे तीच, पण स्वर मात्र बदलत राहतो. जो मनातल्या मनात उच्चार करत शोधील त्याला यांतले दोन सापडतील. उरलेले त्याच्या समोर असूनही दिसणार नाहीत.

ही गोष्ट मी पुस्तकातून शिकलो नाही. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला असताना एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मी भाग घेतला होता. फळ्यावर ‘इक्वॅलिटी’ हा एकच शब्द लिहिला होता, आणि त्यातील आठ अक्षरांतून, प्रत्येक अक्षर एकदाच वापरून, चार किंवा अधिक अक्षरांचे शब्द करायचे होते. क्वालिटी, इक्वल, इक्विटी, क्विल्ट, लावा पक्ष्याचे नाव असलेला क्वेल, शिवाय एकाच अक्षरसंचातून निघणारे क्वाइट आणि क्वायट, असे बरेच शब्द मी लिहिले. त्यांतच क्यू-यू-ए-वाय हा शब्द होता. तालुक्याच्या वाचनालयात शब्दकोश चाळताना तो माझ्या नजरेला पडला होता आणि त्याचा अर्थही मला पक्का ठाऊक होता: आपण भाऊचा धक्का म्हणतो त्यातला धक्का, म्हणजे जहाजे लागण्याची जागा. परीक्षकांनी मला उभे करून त्याचा उच्चार विचारला. मी ‘क्वे’ म्हणालो. सभागृह हसले, आणि असा शब्दच नाही असे सांगून परीक्षकांनी त्यावर काट मारली.

त्याचा उच्चार ‘की’ असा, किल्लीसारखा होतो, हे मला पुढे कित्येक वर्षांनी कळले. मी एका शब्दाने हरलो. हरल्याचे दुःख केव्हाच ओसरले. परंतु नियमांच्या कागदावर स्पेलिंगचा उल्लेख होता, उच्चाराचा नव्हता, आणि टेबलावर शब्दकोश ठेवलेला असता तर तो उघडायला अर्धे मिनिटही लागले नसते, ही तक्रार मात्र आजही कायम आहे. त्या दिवशी माझ्या डोळ्याने योग्य काम केले होते आणि मला शिक्षा झाली ती कानाच्या चुकीची. इंग्रजी पुस्तकांतूनच शिकणाऱ्या, ती भाषा घरात कधी न ऐकलेल्या असंख्य मुलांच्या वाट्याला हेच येते, म्हणून मी हा प्रसंग सांगण्याची संधी सोडत नाही.

माझ्या म्हणण्याला सर्वांत मोठा आधार न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्स यांचा. स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांच्या टाइल्स पटावर मांडून शब्द करण्याचा खेळ; त्याच्या या खेळाडूने 2015 साली फ्रेंच भाषेतील जागतिक स्पर्धा जिंकली, आणि त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हते. शब्द त्यांनी अक्षरांची आकृती म्हणून लक्षात ठेवले होते.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट दाखवले आहे, तेव्हा स्क्रॅबलचे जनक आल्फ्रेड बट्स यांनी वृत्तपत्रांतील अक्षरे मोजून 100 टाइल्सपैकी 12 ‘ई’ला आणि केवळ 4 ‘एस’ला का दिल्या, हा भाग मी सोडून देतो आणि थेट रीतीकडे वळतो.

रीत अशी. कोणत्याही शब्दाची अक्षरे वर्णानुक्रमे लावा; ती त्या शब्दाची खूण. मघाच्या पाचही शब्दांची खूण एकच येते: ए-ई-पी-आर-एस. संपूर्ण शब्दयादीची अशी खुणेप्रमाणे एकदा वाटणी केली, की एका खुणेचे शब्द एका कप्प्यात पडतात. संगणकाकडून शब्द शोधून घेण्याचीही ही एक प्रचलित पद्धत आहे.

लाभ किती, ते पाहा. ‘इक्वॅलिटी’ची आठही अक्षरे वेगवेगळी आहेत. त्यांतील एकापासून आठपर्यंत अक्षरे घेऊन क्रम बदलत गेलात तर 1,09,600 मांडण्या होतात. खुणा मात्र 255 च. तेवढे कप्पे उघडले की काम संपले.

कागद-पेन्सिलीने खेळणाऱ्यांनी आधी आयएनजी, ईडी, ईआर ही शेपटे आणि आरई, यूएन या सुरुवातीच्या अक्षरजोड्या बाजूला काढाव्यात, क्यूला यू चिकटवून ठेवावा आणि उरलेली अक्षरे वर्णानुक्रमे मांडून, ओठ न हलवता, त्यांच्याकडे पाहावे. त्या 255 कप्प्यांत ए-क्यू-यू-वाय असा एक कप्पा आहे, आणि माझा तो काट मारलेला शब्द त्यात आहे.