चार मिनिटांत गाडी परत

(दृश्य: धुरकट फलाट. डब्यांची दारं धडाधड उघडतात.)

लंडनचं लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशन, १९२०. ऑफिसं सुटलीत, आणि चिंगफर्ड, एनफिल्डकडे राहणारी सगळी मंडळी एकदमच घरी निघालीत. गर्दीच्या वेळी तासाला चोवीस गाड्या, आणि त्यांच्यासाठी फलाट फक्त चार. विजेचा खर्च ग्रेट ईस्टर्न रेल्वेला झेपणारा नव्हता, म्हणून हे सगळं वाफेच्या इंजिनांवर.

वाफेच्या लोकलचं घोडं अडतं ते शेवटच्या स्टेशनात. गाडी आत शिरली की इंजिन थेट रूळ संपतो तिथल्या अडसरापाशी जाऊन थांबतं. पुढे वाट संपलेली, मागे डब्यांची रांग. डबे हलल्याशिवाय त्याची सुटका नाही, आणि डबे हलवायचे तर इंजिन हवं!

रेल्वेचे अधिकारी एफ. व्ही. रसेल यांनी आखलेल्या वेळापत्रकाची सगळी मदार होती रुळाच्या एका छोट्या तुकड्यावर. हा तुकडा फलाटाच्या बाहेरच्या टोकाला. तिथे दुसरं इंजिन आधीच पाणी भरून तयार. गाडी आली की ते हलकेच मागे येऊन डब्यांना टेकतं. कपलिंगची जड कडी आकड्यात पडते, हवेच्या ब्रेकचा पाइप जोडला जातो, ब्रेक तपासला जातो. शिट्टी. गाडी परत निघालीसुद्धा! आल्यापासून चार मिनिटं. ऐकायला सोपं; इंजिन आणि डब्याच्या बफरमधल्या (धक्का झेलणाऱ्या दांड्यांमधल्या) फटीत वाकून कडी अडकवणाऱ्याला विचारा.

मग अडकलेलं इंजिन मोकळं होतं. रिकाम्या रुळावरून बाहेर येतं, त्याच तुकड्यात शिरतं, पाणी भरतं. पुढची गाडी त्याची.

आणि इंजिन फिरवायचं कधी? फिरवतच नसत. टर्नटेबलवर, म्हणजे इंजिन वळवायच्या फिरत्या चकतीवर चढवा, फिरवा, उतरवा, एवढी सवड कुणाला? ही टँक इंजिनं कोळसा-पाणी अंगावरच वाहायची, मागे टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याची वेगळी गाडी नाही. एका फेरीला धुराडं पुढे, दुसरीला मागे.

घाईत दार चुकू नये म्हणून पहिल्या वर्गाच्या डब्यांवर पिवळा पट्टा, दुसऱ्याच्या निळा. या रंगांवरून सेवेला नाव पडलं, 'जॅझ'.

चिंगफर्ड, एनफिल्डला विजेची गाडी पोहोचली नोव्हेंबर १९६० मध्ये. आता मोटरमनने फक्त या टोकाच्या केबिनमधून त्या टोकाच्या केबिनमध्ये चालत जायचं. मुंबईत व्हीटी ते कुर्ला हार्बर लाइनवर मोटरमन ३ फेब्रुवारी १९२५ पासून तेच करत होता.