देशभक्तीची कविता लिहायची तर आधी आपल्या विहिरीत वाकून पाहा

राम राम राजेहो. मागं जो आवाज येऊन राहिला ना तो झेडपीच्या शाळेतला आहे, पोट्टे लेझीम घेऊन प्रॅक्टिस करून राहिले, १५ ऑगस्ट जवळ आला. आणि हे दिवस आले की माझ्याकडं गावातले चार-दोन पालक हमखास येतात, मोबाईल पुढं करतात, म्हणतात भाऊ याच्यातून एखादी देशभक्तीची कविता काढून दे, पोराले स्टेजवर म्हणायची आहे. मी काढून देत होतो. कागदावर उतरवून द्यायचो, पोरगं पाठ करायचं, माईकसमोर एका दमात म्हणायचं, टाळ्या व्हायच्या. पण त्या कवितांमध्ये काय असायचं, हिमालयाचा मुकुट, पाय धुणारा सागर, सोन्याचा धूर, म्हणजे म्हणणाऱ्या पोरानं डोळ्यानं पाहिलेली एकही गोष्ट नाही. ना त्याची नदी, ना त्याचं वावर, ना त्याच्या मायचं नाव.

आज त्याच्यावरच बोलायचं आहे, की मातृभूमीची कविता लिहिणाऱ्या मोठ्या लोकांनी आपल्या भूमीचं कौतुक नेमकं कसं केलं. आणि ते बोलता बोलता आपला विदर्भ त्याच्यात कुठं कुठं आहे तेही कळेल, लय जागी आहे.

पण आधी मागच्या वर्षीची गोष्ट सांगतो. आमच्या आळीतली एक पोरगी, तेव्हा सहावीत होती. तिनं कोणाला न विचारता स्वतः कविता लिहिली, वहीच्या मागच्या पानावर, जशी घरी बोलते तशी. तिला आणि तिच्या मायला विचारून वाचतो.

माह्या गावच्या इहिरीचं पानी खारं
पाव्हना आला का माय मने
गोड मडकं त्याच्यासाठी ठेव
आपन पेऊ खारं

एवढीच. आणि कार्यक्रम बसवणाऱ्या एका मोठ्या माणसानं ती वाचली आणि म्हणाला, हे काय, ही काय देशभक्ती आहे का, ही तर गावाची बदनामी झाली, काहीतरी चांगलं म्हण. मग तिनं कुठलीतरी हिमालयवाली म्हटली. मी तिथंच उभा होतो, माईकचं वायर धरून. काही बोललो नाही. ते मला वर्षभर खुपून राहिलं, म्हणून हा व्हिडिओ.

आता तुम्ही पुण्या-मुंबईकडून बघत असाल तर तुम्हाला खाऱ्या पाण्याचं कळणार नाही, म्हणून थोडं सांगतो. हे बघा, जवळ दाखवतो, हे ढेकूळ आत्ताच धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून उचललं. काळं कुळकुळीत. पाऊस पडला की हीच माती चपलेला अशी चिकटते की पाय उचलत नाही, आणि उन्हाळ्यात हिला भेगा पडतात, माझा हात कोपरापर्यंत आत जातो एवढ्या. आमचा हा पूर्णा नदीचा पट्टा, बुलढाणा, अकोला, अमरावती या तीन जिल्ह्यांतून जातो, याला खारपाणपट्टा म्हणतात. चिकण गाळाची माती लय खोलवर आहे, पाण्याचा निचरा होत नाही, आणि जमिनीखालचं पाणी खारट. त्या पाण्यात तुरीची डाळ धड शिजत नाही. त्यानं ओलीत करावं तर जमीन चोपण होते, मग तिच्यात काही उगवत नाही, म्हणून इकडं कपाशी घ्या का तूर घ्या, सगळी मदार वरच्या पाण्यावर, म्हणजे पावसावर. पिण्याचं गोड पाणी नळाला येईल तेव्हा भरून ठेवायचं. तर त्या पोरीनं जे लिहिलं ते हे आहे.

आता तीच पोरगी रोज शाळेत वंदे मातरम् म्हणते. सुजलां सुफलां. मला लहानपणी वाटायचं की हे आपल्याला लागू होत नाही, आपल्याकडं कुठं सुजलां, आपण उगाच म्हणून राहिलो. मोठं झाल्यावर समजलं की बंकिमचंद्रांनी ते लिहिलं तेव्हा त्यांच्या डोळ्यापुढं त्यांचा बंगाल होता, नद्यांचा, भाताच्या शेतांचा, पाणीच पाणी. त्यांनी जे पाहिलं ते लिहिलं. पुढं ते १८८२ च्या 'आनंदमठ' कादंबरीत आलं, स्वातंत्र्याच्या लढ्यात लोकांनी ते ओठावर घेऊन लाठ्या खाल्ल्या, आणि २४ जानेवारी १९५० ला त्याला राष्ट्रगीताच्या बरोबरीचा मान मिळाला. म्हणजे देशभर गेलेल्या गाण्याची सुरुवात एका माणसाच्या ओळखीच्या नदीकाठी झाली. आणि खरं सांगू, त्याच्यातलं शस्यश्यामलां आहे ना, पिकानं हिरवीगार, ते ऑगस्टमध्ये आमच्या वावराच्या धुऱ्यावर उभं राहून म्हणा, कपाशी गुडघ्याच्या वर आलेली असते, अंगावर काटा येतो.

आता मराठीकडं येऊ.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. जन्म १८७१, नागपूरचा. वकिली कुठं केली तर आपल्या खामगावला, जळगाव जामोदला, म्हणजे याच खाऱ्या पाण्याच्या टापूत हा माणूस राहिला. लोक त्यांना विनोदी लेखनासाठी ओळखतात, पण 'बहु असोत सुंदर संपन्न की महा, प्रिय अमुचा एक महाराष्ट्र देश हा' हे गीत त्यांचं आहे. आपण हे इतक्या वेळा ऐकलं की त्याच्यात काय म्हटलंय तिकडं लक्षच जात नाही. ते म्हणतात, असतील बाबा दुसरे देश लय सुंदर, असतील श्रीमंत, असतील मोठे, असू द्या. आम्हाला हा प्रिय आहे. आमचा सगळ्यात भारी आहे असं पहिल्या ओळीत ते म्हणतच नाहीत! जशी आपली माय. शेजारणीच्या अंगावर सोनं जास्त असेल, असू दे ना, म्हणून कोणी माय बदलत नाही.

त्यांना गुरू मानणारे राम गणेश गडकरी, कवितेसाठी नाव गोविंदाग्रज. त्यांचा जन्म गुजरातमधला, पण शेवटचे दिवस आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या सावनेरला गेले, २३ जानेवारी १९१९ ला तिथंच वारले, वय अवघं ३३. त्यांची ती 'मंगल देशा, पवित्र देशा' ऐकली असेल. त्याच्यात ते महाराष्ट्राला हाक कशी मारतात बघा, राकट देशा, कणखर देशा, दगडांच्या देशा. दगडांच्या! आता आपण एखाद्या वावराची तारीफ करताना कधी म्हणतो का की वा, काय दगडाचं वावर आहे, उलट तसं असलं तर पोरीचं स्थळ पाहायला आलेला माणूस तिथूनच परत जातो. पण गडकऱ्यांनी तो दगड लपवला नाही, सगळ्यात पुढं ठेवला, आणि लगेच पुढच्या ओळीत त्याच देशाला नाजूक, कोमल, फुलांचा म्हटलं. दगड सांगितला म्हणूनच फुलाचं खरं वाटतं. नुसती फुलंच सांगितली असती तर कोणी विश्वास ठेवला नसता.

तिसरे राजा बढे. १९१२ चा जन्म, तोही नागपूरचाच. 'जय जय महाराष्ट्र माझा', श्रीनिवास खळ्यांचं संगीत, शाहीर साबळ्यांचा आवाज, आणि २०२३ पासून ते महाराष्ट्राचं अधिकृत राज्यगीत आहे. याच्यात एक ओळ आहे, रेवा वरदा, कृष्ण कोयना, भद्रा गोदावरी. रेवा म्हणजे नर्मदा. आणि ही वरदा म्हणजे कोण? आपली वर्धा. यवतमाळ, अमरावती, वर्धा, चंद्रपूरच्या लोकांनो, तुमची नदी राज्यगीतात दुसऱ्या नंबरला आहे, पोट्ट्यांना सांगा हे, अर्ध्या लोकांना माहीतच नसतं, ते वरदा म्हणजे वर देणारी म्हणून पुढं जातात. आमची पूर्णा मात्र त्या ओळीत नाही. मला हे समजलं तेव्हा खरंच वाईट वाटलं होतं, कोणी यादीतून नाव गाळावं तसं. याच गाण्यात पुढं आहे, दारिद्र्याच्या उन्हात शिजला, निढळाच्या घामाने भिजला. शिजला! हा शब्द ज्यानं नागपूरचा मे महिना काढला आहे त्यालाच सुचेल असं मला वाटतं. राज्याच्या गौरवाचं गाणं, आणि त्याच्यात दारिद्र्य शब्द सरळ घातला, कोणाला बदनामी वाटली नाही.

म्हणून मला त्या मोठ्या माणसाला सांगायचं आहे, की कमी असलेली गोष्ट सांगणं म्हणजे बदनामी नाही. सावरकरांची 'ने मजसी ने परत मातृभूमीला' घ्या, १९०९ साली इंग्लंडात, ब्रायटनच्या समुद्रकिनाऱ्यावर. त्याच्यात ते काय म्हणतात, प्रासाद इथे भव्य परी मज भारी, आईची झोपडी प्यारी. झोपडीला झोपडीच म्हटलं, तिला कल्पनेतला महाल केला नाही.

आता तुकडोजी महाराजांशिवाय आपल्याकडं हा विषय पुरा होत नाही. यावलीत १९०९ ला जन्म, मोझरीला गुरुकुंज आश्रम, हातात खंजिरी. १९४२ मध्ये चिमूर आणि आष्टी, दोन्हीकडं १६ ऑगस्टलाच, नागपंचमीच्या दिवशी, लोक उठले, गोळीबार झाला, माणसं शहीद झाली. त्या काळात महाराजांची भजनं गावोगाव चालली होती आणि त्यातलं एक तर आजही आमचे म्हातारे ताल धरून म्हणतात, पत्थर सारे बॉम्ब बनेंगे, भक्त बनेगी सेना. पुन्हा दगडच बघा. इंग्रजांनी महाराजांना पकडलं, नागपूर आणि रायपूरच्या जेलात ठेवलं. भजनासाठी जेल! आणि नंतर ग्रामगीतेत त्यांनी लिहिलं, गाव हा विश्वाचा नकाशा, गावावरून देशाची परीक्षा. माझ्या त्या पोरीनं दुसरं काय केलं होतं, तिनं गावाचा नकाशा काढला होता, आणि त्याच्यात विहीर जिथं आहे तिथंच दाखवली.

एक जुनी गोष्ट राहिली. अथर्ववेदात बाराव्या कांडात भूमिसूक्त आहे, ६३ मंत्रांचं. भूमी माझी माय, मी तिचा पोरगा, हे वाक्य तिथलं, माता भूमिः पुत्रो अहं पृथिव्याः, शाळेच्या भिंतीवर पाहिलं असेल. पण मला त्याच्यातली दुसरी एक प्रार्थना जास्त आवडते, तिचा अर्थ असा, की हे भूमी, तुझ्यातून मी जे खोदून काढीन ते लवकर पुन्हा उगवून येऊ दे, आणि माझा घाव तुझ्या वर्मी लागू नये, काळजाला लागू नये. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझे आबाजी आठवले, वावरात पहिलं तास, म्हणजे नांगराची पहिली रेघ घालायच्या आधी ते वाकून मातीला हात लावायचे आणि तो हात कपाळाला. त्यांना वेद-बिद काही माहीत नव्हता, अंगठा लावायचे.

आणि भाषेचं म्हणाल तर पोरांना वऱ्हाडीत लिहू द्या. अकोल्याच्या विठ्ठल वाघांची 'काया मातीत मातीत तिफन चालते' (तिफन म्हणजे पेरणीचं अवजार) ही कविता अख्ख्या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतली, आणि तिचा पहिलाच शब्द काया आहे, काळ्या नाही. आपल्या तोंडात ळ चा य होतो त्याची लाज वाटायचं काही कारण नाही.

तर या वर्षी माझ्याकडं मोबाईल घेऊन जे आले त्यांना मी कविता काढून दिली नाही. पोरांना घेऊन वावरात गेलो. प्रत्येकाला सांगितलं की तुमच्या धुऱ्यावरून वाहणारं पाणी शेवटी कुठं जातं ते घरी विचारून या. दुसऱ्या दिवशी आले, गावचा नाला पूर्णेत, पूर्णा तापीत, तापी सुरतेकडून समुद्रात. एका पोट्ट्याचे डोळे एवढे मोठे झाले, म्हणे म्हणजे आमच्या वावरातली माती समुद्रात जाते काय? जाते ना बाबू. मग म्हटलं आता हेच लिही, हिमालय राहू दे थोडे दिवस. काही जणांनी लिहिलं, काहींचं अजून चाललंय, एकानं फक्त बैलावर लिहिलं, ठीक आहे, तेही चालते.

ती पोरगी आता सातवीत आहे. काल संध्याकाळी वही घेऊन आली. जुन्या चार ओळी तशाच ठेवल्या, खाली दोन नवीन जोडल्या, आणि या वेळेस माईकवर तीच म्हणणार आहे, मी शाळेत बोलून ठेवलं. या त्या दोन ओळी.

आमची पूर्णा माय कोनत्याच गान्यात नाई
पन पुराचं तिचं पानी गढूळ, अन् गोड