बैठकीच्या खोलीतल्या उश्या: माप, कापड आणि बेत

मंडळी, उश्यांचा विषय निघाला की पहिला प्रश्न रंगाचा येतो. सोफा राखाडी आहे, वर कुठला रंग घालू? हा प्रश्न आपण जरा मागे ठेवू. उश्या खटकतात तेव्हा बहुतेक वेळा रंग बिचारा निर्दोष असतो. चुकलेलं असतं ते माप, नाहीतर कापड बेतताना हयगय झालेली असते. म्हणून आज एकच साधी खोली डोळ्यांसमोर घेऊ. १० बाय १५ फुटांचा हॉल, तीन जणांचा सोफा, समोर ६ बाय अडीच फुटांचा दिवाण आणि खिडकीला आधीपासून असलेले पडदे.

सोफ्याची दोन मापं घ्या. एक, बसायची जागा पुढच्या कडेपासून पाठीपर्यंत किती इंच आहे. दोन, पाठ बैठकीच्या वर किती उंच आहे. समजा पहिलं माप २२ इंच आलं. त्यावर २० इंची चौकोनी उशी ठेवली, तर भरल्यावर ती मधोमध सहा-सात इंच जाड होते. बसणाऱ्याला उरले १५-१६ इंच. म्हणजे पाहुणा येणार, उशी उचलून मांडीवर घेणार आणि थोड्या वेळाने ती जमिनीवर जाणार. पाठ १६-१७ इंचांची असेल तर २० इंची उशी वरून डोकावते ते वेगळंच. अशा सोफ्याला १६ इंची चौकोन बरे आणि कमरेमागे १२ बाय १८ ची आडवी उशी. दुकानांत मांडलेल्या मोठमोठ्या उश्या पाहून भुलू नका, त्यांच्याखालचा सोफाही तेवढाच मोठा असतो. संख्येचं म्हणाल तर तीन जणांच्या सोफ्यावर चार पुरेत. सहा ठेवल्या की तो दोन जणांचा होतो.

आता आतली उशी. फायबर भरायचं असेल तर उशी अभ्र्यापेक्षा दोन इंचांनी मोठी घ्या, १६ च्या अभ्र्यात १८ ची. फायबर वापराने बसतं आणि आधी कोपरे रिकामे होतात, त्यासाठी ही जास्तीची भर. बाजारात ज्याला सरसकट रेक्रॉन म्हणतात ते पोकळ तंतूचं फायबर १८ इंची उशीला साधारण ४५० ते ५०० ग्रॅम लागतं. कापूस भरलात तर मात्र उशी अभ्र्याच्या मापाचीच ठेवा. कापूस जड असतो, दाबून भरला की दगड होतो. सावरीचा कापूस हलका आणि रेशमासारखा मऊ, पाणी धरत नाही, पण तो धुता येत नाही आणि वर्षांनी त्याचा भुगा व्हायला लागतो. त्याला आत घट्ट विणीचा वेगळा खोळ हवाच, नाहीतर शिवणीतून तंतू बाहेर येऊन कपड्यांना चिकटतात. कोकणात, मुंबईत कापसाच्या उश्या पावसाळ्यात दमट होतात आणि त्यांना बुरशीचा वास धरतो. तिथे फायबर घ्यावं हे उत्तम.

दिवाणाच्या गादीला फोम घेणार असाल तर दुकानदार डेन्सिटी सांगतो, ३२ किंवा ४०. हा आकडा एका घनमीटर फोमचं वजन किलोत सांगतो, मऊपणा किंवा कडकपणा नाही. दोन्ही ४० चे फोम एक मऊ आणि एक कडक असू शकतात, तेव्हा बसून पाहा. रोजच्या बसण्याला ४० घ्या, कमी डेन्सिटीचा लवकर खोलगट होतो. फोम शिवलेल्या अभ्र्याच्या मापापेक्षा लांबी-रुंदीत अर्धा इंच मोठा कापून घ्या आणि त्यावर फायबरची पातळ चादर गुंडाळा. मगच कडा भरीव दिसतात. नेमक्या मापाचा फोम घातला की काही महिन्यांत वरचं कापड सैल पडून सुरकुत्या येतात आणि आपण शिंप्याला बोल लावतो.

कापड निवडताना सुरुवात पडद्यांपासून करा, कारण ते लगेच बदलणार नाही आहोत. पडद्याचा एखादा तुकडा उरला असेल तर त्याची किनार पाहा. छापील कापडाच्या किनारीवर बऱ्याचदा रंगांचे लहान ठिपके ओळीने असतात. छपाईत जितके रंग वापरले तितके ठिपके. तीच तुमची रंगांची यादी. त्यातला सर्वांत मोठा रंग उश्यांना घेऊ नका, तो पडद्यावर भरपूर आहे. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचा घ्या. मग कापडं तीन: एक मोठ्या नक्षीचं, एक पट्ट्यांचं किंवा चौकड्यांचं आणि एक साधं, पण विणीत दाणा असलेलं, खादी किंवा जाडं सुती. दोन मोठ्या नक्षी शेजारी ठेवल्या की त्या भांडतात, दोन बारीक नक्षी लांबून मळल्यासारख्या दिसतात. नक्षीच्या आकारात फरक ठळक हवा. एका कापडातलं फूल आठ इंचांचं असेल तर दुसऱ्यातली पट्टी अर्ध्या-पाऊण इंचाची चालेल, सहा इंचांची नको.

नमुना घरी आणा. दुकानातल्या उजेडात घेतलेला निर्णय घरी फसतो, कारण दोन कापडं एका प्रकाशात जुळतात आणि दुसऱ्यात वेगळी दिसतात. दिवसा खिडकीशी पाहा आणि रात्री तुमच्याच दिव्याखाली पाहा. पांढरी ट्यूब ६५०० केल्विनच्या आसपास असते, पिवळसर एलईडी २७०० ते ३०००. या दुसऱ्या दिव्यात निळे-राखाडी रंग मंदावतात आणि मोहरी, विटकरी खुलतात. पसंत पडलं की लागेल तेवढं सगळं कापड एकाच ताक्यातून घ्या. पुढच्या महिन्यात आणलेला मीटरभर तुकडा दुसऱ्या लॉटचा निघतो आणि शेजारी ठेवल्यावर फरक लपत नाही.

आता मुख्य भाग, बेत, म्हणजे कापड कसं मोजून कापायचं ते. कापायच्या आधी धुवा. सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटू शकतं. पाच टक्के ऐकायला किरकोळ, पण १८ इंचांवर तो जवळजवळ एक इंच होतो. अंदाज घ्यायचा तर २० इंचांचा चौकोन आखून तुकडा धुवा, वाळवा, इस्त्री करा आणि पुन्हा मोजा. पायपिंगची, म्हणजे कडेला लावायच्या गोटाच्या आतली, दोरीही आधी भिजवून वाळवा. हे हमखास राहून जातं. मग पहिल्या धुण्यानंतर अभ्रा ठीक असतो, पण दोरी आटल्यामुळे चारही कडा चुण्या पडून आखडतात.

पाठीमागे उघडणारा साधा अभ्रा घेऊ, १८ इंची. माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेलं जादा कापड, चारही बाजूंनी अर्धा इंच, म्हणजे पुढचा तुकडा १९ बाय १९. मागचे दोन तुकडे प्रत्येकी १९ बाय १३. प्रत्येकाची एक लांब कड आधी अर्धा आणि मग एक इंच दुमडून टीप मारा. तुकडे साडेअकरा इंचांचे उरतात आणि एकावर एक चार इंच येतात. हे चढणं दोन इंचांवर आणलं की भरल्यावर मागे तोंड वासतं. ४४ इंची पन्ह्यावर, म्हणजे कापडाच्या रुंदीत, दोन अभ्रे शेजारी-शेजारी बसतात: पुढच्यांना १९ इंच, मागच्यांना २६, एकूण ४५ इंच. आटलेल्या कापडाचा हा हिशेब, म्हणून दुकानात सव्वा मीटर मागा. चेन लावायची असेल तर १८ इंची अभ्र्याला १६ इंची चेन घ्या. उशीला ३ नंबरची पुरते, गादीला ५ नंबरची.

कोपऱ्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. नेमका काटकोनी शिवलेला अभ्रा भरला की कडांचा मध्य आत ओढला जातो आणि कोपरे सशाच्या कानांसारखे बाहेर येतात. उपाय कापतानाच करायचा. प्रत्येक कोपऱ्यापासून चार इंचांवर खूण करा, कोपऱ्याच्या टोकाशी अर्धा इंच आत दुसरी खूण करा आणि दोन्ही तिरक्या रेषेने जोडून जादा कापड काढून टाका. टेबलावर हा तुकडा चौकोनी दिसत नाही, पण भरल्यावर चौकोनी दिसतो. शिंप्याकडे देणार असाल तर हे मुद्दाम सांगा, नाहीतर तो चूक समजून ‘सुधारून’ देईल.

पायपिंगला पट्टी उरेबच हवी, ४५ अंशांत कापलेली. सरळ धाग्यातली पट्टी कोपऱ्यावर वळत नाही. चार-पाच मिलिमीटरच्या दोरीला दीड इंच रुंद पट्टी पुरते. १८ इंची उशीचा घेर ७२ इंच, जोडाला तीन, म्हणजे ७५. चार उश्यांना ३०० इंच. ४४ पन्ह्याच्या अर्ध्या मीटरमधून एवढी पट्टी सहज निघते, सांधे धरूनही. कोपऱ्यावर पट्टीच्या मायेला तीन काप द्या, टिपेपर्यंत न नेता. जोड खालच्या कडेला ठेवा, कोपऱ्यावर कधीच नको.

मोठ्या नक्षीचं कापड घेतलंत तर मीटरचा वरचा हिशेब मोडतो. प्रत्येक उशीच्या मध्यावर फूल हवं तर नक्षी किती इंचांनी पुन्हा येते ते मोजा. २४ इंचांनी येत असेल आणि पन्ह्यात दोनच फुलं असतील, तर चार उश्यांच्या पुढच्या बाजूंनाच ४८ इंच लागतात. मधलं कापड मागच्या बाजूंना आणि पायपिंगला वापरा. कागदात १८ इंचांची खिडकी कापून ती कापडावर फिरवा, फूल कुठे येतं ते लगेच कळतं. मखमलीत नक्षी नसली तरी दिशा असते. हात फिरवून लव कुठे झुकते ते पाहा आणि सगळे तुकडे एकाच दिशेने कापा. एक जरी उलटा गेला तरी त्याच ताक्यातला तुकडा वेगळ्या छटेचा दिसतो.

आपल्याकडच्या कापडांचे स्वभाव वेगळे. खणाचं कापड, बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचं, पन्ह्याला साधारण ३१-३२ इंचच असतं. त्यात १८ चे दोन तुकडे शेजारी बसत नाहीत. पण १६ ची चौकोनी आणि १२ ची आडवी उशी घ्या: १७ अधिक १३, ३० इंच, पन्हा संपला आणि वायाही गेला नाही. घेताना पन्हा टेपने मोजा आणि ओलं पांढरं फडकं घासून रंग सुटतो का पाहा. हिमरूच्या, म्हणजे औरंगाबादी नक्षीदार विणीच्या कापडाच्या, मागे सुटे धागे असतात, ते चेनच्या रनरमध्ये अडकतात, म्हणून आतून मलमलीचं अस्तर द्या. जुन्या पैठणीच्या पदरालाही अस्तर हवं. शिवाय वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलेलं रेशीम त्या रेषेवर चिरतं, तेव्हा ती घडी तुकड्याच्या मध्यावर येऊ देऊ नका. माया पाऊण इंच ठेवा आणि कडांना इंटरलॉक करा. जरीच्या उश्या पाठ टेकायला ठेवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. त्या टोचतात आणि जरही जाते.

सोलापुरी चादर मला उश्यांसाठी फार सोयीची वाटते. तिच्या दोन्ही बाजू वापरता येतात आणि मागे रंगांची अदलाबदल होते. एक उशी सुलटी, एक उलटी शिवली की जुळणारं दुसरं कापड शोधावं लागत नाही. ६० बाय ९० इंचांच्या चादरीतून चेन लावलेले १६ इंची सात अभ्रे गणिताने निघतात, पण नक्षी मध्यावर धरायची तर चार-पाचच धरा. कापड जाड, म्हणून १६ किंवा १८ नंबरची सुई, लांब टीप आणि पायपिंग पातळ सुती कापडाचं. त्याच चादरीचं पायपिंग केलं तर कोपऱ्यावर इतके थर जमतात की सुई मोडते.

राहिला दिवाणावरचा लोड. व्यास ९ इंच, लांबी ३०. ९ चा घेर सव्वाअठ्ठावीस, अर्ध्या इंचाची माया धरून मुख्य तुकडा सव्वाएकोणतीस बाय ३१. टोकांचे दोन गोल १० इंच व्यासाचे. गोलाचे चार भाग खुणा करून घ्या, सरळ कापडाच्या कडेचेही चार भाग करा, खुणेला खूण टाचा. सरळ कडेला दर अर्ध्या इंचावर पाव इंचाचा काप दिला की ती गोलावर बसते. काप न देता ओढून शिवलं तर टोकाला चुण्या येतात. चेन लांबीच्या शिवणीत लावा आणि ती भिंतीकडे ठेवा. दिवाणाची गादी ७२ इंच लांब आणि कापडाचा पन्हा ५४, म्हणजे मधोमध जोड आलाच. तो टाळायचा तर कापड आडवं टाका, किनार गादीच्या लांबीला समांतर. पण पट्ट्यांचं कापड असेल तर पट्ट्याही आडव्या होतील, आणि लोडाच्या पट्ट्या त्याच दिशेने घ्यायच्या की नाही हे कात्री लावण्याआधी ठरवून घ्या.